नाव तोडायचं नाही

राजेंद्रराव टिळेकरांनी मुलीला शब्द दिला होता की लग्नात ते तिच्या मागे उभे राहणार नाहीत, आणि तो त्यांनी पाळला. शब्द पाळूनही माणूस केवढा गोंधळ घालू शकतो हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी पुढे वाचावं. बाकीच्यांनी पंगत बघून बसून घ्यायला हरकत नाही.

लग्न अपेक्षाचं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. 'टिळेकरांची मुलगी लग्नात उभी राहणार' एवढंच ऐकून वडगावातल्या दोन बायका अपेक्षाच्या आईचं, सुषमाताईंचं अभिनंदन करून, पेढा खाऊन गेल्या होत्या. लग्न होतं टाकव्याच्या हौशीरामभाऊंच्या समर्थचं, आणि अपेक्षा तिथे सूत्रसंचालन करणार होती. अपेक्षाला जन्मापासून दिसत नाही. आवाज मात्र असा, की शाळेच्या गॅदरिंगपासून सोसायटीच्या गणपतीपर्यंत माइक आपोआप तिच्या हातात यायचा. माइकमागे ती आणि तिच्यामागे राजेंद्रराव, हेही ठरलेलं. कोण आलं, कोण उठलं, नारळ कोणाच्या हातात आहे, हे ते मागून कुजबुजायचे आणि ती बोलायची. राजेंद्ररावांना वाटायचं, आपल्यावाचून पोरीचं अडतं. अपेक्षाला काय वाटतं हे विचारायचं असतं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते तिनेच एका संध्याकाळी सांगितलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही मागे उभे असलात की लोक तुमच्याशी बोलतात. मला कळतं ते. आवाज माझ्या डोक्यावरून जातो. या लग्नात मी एकटी उभी राहणार. चुकले तर मी चुकेन."

राजेंद्रराव "बरं" म्हणाले आणि त्या दिवशी त्यांनी आमटी दुसऱ्यांदा घेतली नाही. सुषमाताईंनी ते पाहिलं, पण आग्रह केला नाही.

एकटी उभी राहण्यामागे नुसती हौस नव्हती. महामार्गालगतच्या ज्या मंगल कार्यालयात हे लग्न होतं, तिथल्या मॅनेजरने कबूल केलं होतं की हे एक लग्न नीट पार पडलं तर पुढच्या हंगामाची लग्नं अपेक्षाला मिळतील. म्हणजे हक्काचं काम, तिच्या नावावर. मोडता घालायलाही माणूस तयार होताच. हौशीरामभाऊंचे मेव्हणे श्रीपती. त्यांचा नेहमीचा एक निवेदक ठरलेला होता, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं. सबंध तालुक्याची माणसं येणार, पोरीला दिसत नाही, कोण आलं हे तिला कळणार कसं? आणि एखादं नाव राहिलं तर?

यातला 'नाव राहिलं तर' हा भाग बाहेरच्यांना समजावून सांगायला हवा. मावळात लग्नाला माणूस गेला की त्याचं नाव माइकवरून घेतलं जातं, आणि तेही उपाधीसकट. आदर्श सरपंच, बैलगाडा शर्यतीतला प्रसिद्ध गाडामालक, युवा उद्योजक, आणि ज्याला काहीच लावता येत नाही तो ज्येष्ठ मार्गदर्शक. वरमाला हातात असो की भटजींचा मंत्र अर्ध्यावर असो, माणूस गेटातून आत आला की त्याचं नाव आलंच पाहिजे. ज्याचं राहतं तो कमी जेवतो, लवकर निघतो आणि नातवाच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवतो. पत्रिकेवर मुहूर्ताची मिनिटंसुद्धा छापलेली असतात, पण आजवर मुहूर्त नावांसाठी थांबत आलाय, नावं मुहूर्तासाठी थांबलेली नाहीत.

तर राजेंद्ररावांना मागे उभं राहायचं नव्हतं. पण त्यांना कुणी कुजबुजायची बंदी केली नव्हती, असा त्यांनी एक बारीक अर्थ काढला. कारखान्यातून मुदतीआधी निवृत्त झाल्यापासून ते व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकत होते. सोसायटीच्या टाकीची पाणीपातळी सांगणारा त्यांचा पहिला प्रोग्रॅम अजूनही चालतो, फक्त टाकी रिकामी असली की भरली म्हणतो. आता त्यांनी अपेक्षाच्या स्क्रीन रीडरकडे मोर्चा वळवला.

स्क्रीन रीडर म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे आहे ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. अपेक्षाचा असा धाडधाड बोलतो, की पाहुण्यांना वाटतं कुणी डब्यात वाटाणे हलवतंय. तिला मात्र त्यातला शब्द न् शब्द कळतो. राजेंद्ररावांना शोध लागला की या प्रोग्रॅमला बाहेरून दुसरा प्रोग्रॅमही हुकूम देऊ शकतो. बोल म्हटलं की बोलतो, गप्प म्हटलं की गप्प होतो, आणि एखादं वाक्य पुरतं बोलून झालं की नाही हेही कळवतो. एवढा आज्ञाधारक प्राणी घरात आहे हे इतकी वर्षं कुणी आपल्याला सांगितलं कसं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. योजना अशी ठरली की गेटवर उभ्या माणसाने मोबाइलवर एका लिंकवर पाहुण्याचं नाव टाकायचं, आणि ते स्टेजवरच्या लॅपटॉपमधून थेट अपेक्षाच्या कानात.

अपेक्षाने हे ऐकून घेतलं. तिला ते आवडलंसुद्धा. फक्त दोन अटी घातल्या. गेटवरून एकाच माणसाने टाकायचं, नावाखेरीज काही नाही. आणि तिने कंट्रोलची कळ दाबली की बोलणं तिथल्या तिथे बंद झालं पाहिजे, कारण लग्नाचा क्रम, चारोळ्या, घराण्यांची माहिती सगळं त्याच लॅपटॉपवर, आणि ते तिला त्याच कानाने ऐकायचं होतं.

"अर्थात," राजेंद्रराव म्हणाले.

पहिली आवृत्ती खरंच झकास झाली. इतकी, की दोन दिवस घरात कुणी हाकच मारेना. राजेंद्रराव गॅलरीतून टाइप करायचे, 'आई विचारते भात किती लावू', आणि आतल्या खोलीत अपेक्षाच्या कानात तो भात पडायचा. तिसऱ्या दिवशी तिने कंट्रोल दाबून भात मध्येच तोडला आणि बाहेर येऊन सांगितलं की बाबा, फक्त नावं.

मग परवान्याचा प्रश्न निघाला. कार्यालयाच्या मॅनेजरने सगळ्यांना सांगतात तसं सांगितलं की ध्वनिक्षेपकाचा परवाना ज्याचा त्याने बघायचा. मंडपवाल्याने त्याच्या कर्ण्यांचा केव्हाच काढला होता. पण राजेंद्रराव कायद्याला भिऊन वागणारे. एका कानात बोलणारं यंत्र ध्वनिक्षेपकात मोडतं का, हे विचारायला ते रीतसर अर्ज घेऊन एका कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, शेजारच्या टेबलावर पाठवला, तिथून तो परत आला. यंत्राची क्षमता किती, असं त्यांनी विचारलं. एक कान, असं राजेंद्ररावांनी सांगितलं. साहेबांनी अर्ज घडी घालून परत दिला आणि सांगितलं, कानाला परवाना लागत नाही, पण लेखी हवं असेल तर सोमवारी या. राजेंद्रराव सोमवारीही गेले. साहेब रजेवर होते.

इथवर सारं ठीक होतं. घात केला तो सल्ल्यांनी. शेजारचे रतनशेठ लोणावळ्याला रेल्वेत होते, उद्घोषणांच्या खिडकीशी त्यांची उभी हयात गेली. त्यांनी चहा पिता पिता विचारलं की नाव एकदाच सांगणार? रेल्वेत गाडी कुठल्या फलाटावर येतेय हे तीन तीनदा सांगतात, तरी माणसं चुकीच्या फलाटावर उभी राहतात. आणि ही तर मान्यवर माणसं. राजेंद्ररावांना ते पटलं. रात्री त्यांनी मनाशी कबूल केलं की रेल्वेला आपल्यापेक्षा जास्त अनुभव आहे.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी खुद्द हौशीरामभाऊंचा फोन आला. त्यांचा अपेक्षावर जीव होता. श्रीपतींना अंगावर घेऊन त्यांनीच तिला हे काम दिलं होतं. पण आवाजात काळजी होती.

"राजूभाऊ, पोरीला म्हनावं, येक डाव नाव चुकलं तरी चालंल, पर आर्ध्यात तोडायचं न्हाई. मागं आमच्या श्रीपतीचं तुटलंतं एका लग्नात. 'श्रीपती' म्हनाले आन् तेवढ्यात पुढारी आले. तवापासून त्यो त्या घरी पानी प्यायला न्हाई."

राजेंद्ररावांनी फोन ठेवला आणि ते विचारात पडले. अपेक्षाने कळ दाबली की नाव तुटणार, हे तर त्यांनी स्वतःच करून ठेवलं होतं. म्हणजे आज ना उद्या कुणाचं तरी नाव अर्ध्यात तुटणार, तो माणूस पाणी पिणार नाही, आणि बोल लागणार पोरीला. दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसाने यावर खांदे उडवले असते. राजेंद्रराव मावळातले होते. लग्नाच्या दिवशी सकाळी अपेक्षा केस विंचरून घेत असताना त्यांनी लॅपटॉप उघडला आणि प्रोग्रॅममध्ये एवढंच बदललं, की एखादं नाव पुरतं बोलून झालं नसेल तर रांग पुन्हा पहिल्यापासून बोलायची, शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेपर्यंत. कुणालाही मध्ये घुसू द्यायचं नाही, ज्याने त्याने रांगेने यायचं. स्वतःच्या मोबाइललासुद्धा त्यांनी वेगळी सवलत ठेवली नाही, इतका न्यायाने तो माणूस वागला. अपेक्षाला सांगायचं त्यांच्या मनात होतं. पण तेवढ्यात गजरा सापडेना आणि ते राहिलं.

संध्याकाळी मंडप भरला. गोरज मुहूर्त होता. अपेक्षा मोतिया साडीत, एका कानात इयरफोन, समोर उंच टेबलावर लॅपटॉप, हातात माइक. राजेंद्रराव कबूल केल्याप्रमाणे खाली, सुषमाताईंच्या शेजारी, तिसऱ्या रांगेत. गेटवर फेटा बांधून श्रीपती. नावं टाकायचं काम हौशीरामभाऊंनी मुद्दाम त्यांच्याकडेच दिलं होतं, म्हणजे नाव राहिलं तर बोलायला त्यांना तोंड राहणार नाही.

सुरुवात अशी झाली की राजेंद्रराव खुर्चीत पुढे सरकून बसले. अपेक्षाने दोन्ही घराण्यांचं स्वागत केलं, टाकव्याच्या भातखाचरांपासून नवरीकडच्या मळवलीपर्यंत सगळं दोन वाक्यांत उभं केलं, आणि गेटातून पहिले पाहुणे आत येतात न येतात तोच त्यांचं नाव उपाधीसकट घेतलं. पाहुणे चपापले. माना वळल्या. हिला दिसत नाही ना, मग कळलं कसं? तीन-चार नावं अशी गेली आणि मंडपात कुजबूज सुरू झाली. राजेंद्रराव सगळ्यांकडे बघून उगाच हसत होते.

त्या कुजबुजीनेच घोटाळा केला. लोक श्रीपतींभोवती जमले. मोबाइलमध्ये टाकलं की पोरगी बोलते, हे कळल्यावर कोण गप्प बसणार? एका गाडामालकाने सांगितलं की माझं नाव मीच टाकतो, माझ्या बैलांचीही नावं आहेत. श्रीपती माणूस कडक खरा, पण गाडामालकाला नाही म्हणण्याइतका नाही. त्यांनी त्याला लिंक पाठवली. त्याला दिली म्हणून दुसऱ्याला दिली. दुसऱ्याला दिली म्हणून तिसरा रुसला, तेव्हा त्यांनी वैतागून ती 'समर्थचं लगीन' या ग्रुपवरच टाकून दिली. त्या ग्रुपमध्ये दोन्हीकडचं समस्त गणगोत होतं.

आता अपेक्षाच्या कानात काय सुरू झालं असेल ते सांगतो. नवरदेवाच्या चुलत मामांचा उल्लेख व्हावा. पांढरी गाडी आडवी लावली आहे, काढा. ज्येष्ठ मार्गदर्शक, पुन्हा तेच ज्येष्ठ मार्गदर्शक, कारण त्यांनी दोनदा टाकलं. पनीर सुरू झालं का. बैल सर्जा आणि बैल लक्ष्या यांचे मालक. आवाज येत नाही, जोरात बोला. हे सगळं ती ज्या कानाने आपला पुढचा क्रम ऐकायची त्याच कानात. ती क्रम वाचायला बाणाची कळ दाबायची, की बोलणं तुटायचं, की प्रोग्रॅम म्हणायचा नाव तुटलं, आणि रांग पहिल्यापासून सुरू. तिने कंट्रोल दाबला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा दाबला. राजेंद्ररावांना तिसऱ्या रांगेतून तिचं बोट दिसत होतं, कळेवर आपटणारं, आणि त्यांना एका क्षणात सगळं कळलं.

अपेक्षा बोलता बोलता थांबली. माइक चालू आणि त्यातून काहीच नाही. लग्नात असली शांतता फार वाईट. श्रीपती गेटावरून पुढे आले, त्यांच्या चेहऱ्यावर 'मी म्हनत नव्हतो?' असं ठळक लिहिलेलं होतं. मॅनेजर ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. भटजींनी घड्याळाकडे पाहिलं.

राजेंद्ररावांनी खिशातून मोबाइल काढला. प्रोग्रॅम बाहेरून बंद करायची सोय त्यांनी ठेवली होती का? नव्हती. नाव कुणीच तोडू नये म्हणून ती त्यांनीच सकाळी काढून टाकली होती. ते उठले, खुर्च्यांमधून वाट काढत, दोघांचे फेटे हलवत, स्टेजच्या पायऱ्यांशी पोचले. पाच पावलांवर पोरगी, पाच पावलांवर लॅपटॉप. एक पाय पायरीवर पडलासुद्धा. मागून सुषमाताईंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"शब्द दिलाय ना तुम्ही?" त्या हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण पकड सैल नव्हती.

राजेंद्ररावांनी पाय खाली घेतला. इतकं जड काम त्यांनी कारखान्यात उभ्या नोकरीत केलं नव्हतं. वर पोरगी बुडत होती आणि तिला बुडवणारा दगड त्यांनी स्वतःच्या हाताने बांधला होता. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी त्या लिंकवर एक ओळ टाकली. अर्थात ती रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभी राहिली.

आणि मग अपेक्षाने कळेवरचं बोट काढलं. जरा वेळ ती नुसती ऐकत राहिली. काय चाललंय ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते राजेंद्ररावांना चांगलं ओळखीचं होतं. बाबांनी टाकीचा प्रोग्रॅम केला तेव्हाही ती अशीच हसली होती. हे यंत्र मध्येच तोडून थांबणार नव्हतं. सगळ्यांचं एकदा पुरतं ऐकून घेतलं तरच ते गप्प बसणार होतं.

तिने माइक तोंडाशी नेला. "मंडळी, आज आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव या व्यासपीठावरून घेतलं जाईल. एकही नाव तुटणार नाही. फक्त कान देऊन ऐका." आणि तिने इयरफोनची वायर लॅपटॉपमधून उपसली व माइक लॅपटॉपच्या स्पीकरपाशी धरला.

मंडपातल्या सगळ्या कर्ण्यांमधून वाटाण्यांचा डबा सुरू झाला. सरपंच, मामा, उद्योजक, सर्जा, पांढरी गाडी, लक्ष्या, पनीर, मार्गदर्शक, पुन्हा मार्गदर्शक. शब्द ओळखू येण्याआधी पुढचे चार निघून जात होते. पहिल्यांदा माणसं दचकली, मग पोरं हसली, मग फेटेवाले हसायला लागले. पण गंमत अशी की हसता हसता जो तो कान टवकारून होता आणि ज्याला त्याला मध्येच कुठेतरी आपलं नाव ऐकू आलं. गाडामालकाने शेजाऱ्याला कोपर मारून सांगितलं की आलं, आलं, बैलांसकट आलं. ज्या नावांना एरवी तासभर गेला असता ती चहा गार व्हायच्या आत संपली, आणि तालुक्यात कुणाला म्हणायला जागा राहिली नाही की माझं राहिलं. हौशीरामभाऊ डोळे पुसत श्रीपतींना म्हणाले, "आयकलं का? तुजं आख्खं घेतलं."

"आयकलं," श्रीपती म्हणाले आणि फेटा सावरत गेटाकडे परतले.

शेवटी शेवटी रांग विरळ झाली, आणि सगळ्यात मागून राजेंद्ररावांची ओळ आली. 'अपेक्षा, चूक माझी आहे. मी वर येऊ का?' कर्ण्यांतून ती दणदणीत गेली. एवढ्या गर्दीत ती कळली फक्त तिला, आणि ज्याने पाठवली त्याला. राजेंद्रराव पायरीशी मान खाली घालून उभे राहिले.

यंत्र गप्प झालं. अपेक्षाने माइक उचलला. तिचा आवाज जरासा हलला, पण जराच.

"नको बाबा. बसा तुम्ही. मला जमतंय."

कुणाचे बाबा, कुठले बाबा, लोक एकमेकांना विचारू लागले. तोवर तिने भटजींना विनंती केली, नवरानवरीला उभं केलं, अंतरपाट धरायला मामांना बोलावलं, आणि पत्रिकेत छापलेल्या मिनिटाला मंगलाष्टकं सुरू झाली. भटजी इतके गोंधळले की पहिलं कडवं त्यांनी घाईत दोनदा म्हटलं. मॅनेजर दारातून हलला आणि त्याने येऊन सुषमाताईंना विचारलं की मॅडमचा नंबर द्याल का? तो 'मॅडम' म्हणाला. सुषमाताईंनी स्टेजकडे बोट केलं, म्हणाल्या, तिलाच विचारा.

राजेंद्रराव तिसऱ्या रांगेत येऊन बसले. हातात अक्षता होत्या, केव्हा कुणी दिल्या ते आठवत नव्हतं. समोर पोरगी एकटी उभी होती, तिच्या मागे नुसता फुलांचा पडदा, आणि ती जे बोलेल ते ऐकायला माणसं तिच्याकडेच बघत होती. सावधान झालं, वाजंत्री वाजली, आणि मंडपभरच्या अक्षता नवरानवरीच्या डोक्यावर पडल्या. राजेंद्ररावांनी मूठ उघडली. त्यांच्या अक्षता तेवढ्या डाव्या अंगाला, माइकपाशी जाऊन पडल्या.